अर्धा चेहरा पुसल्यावर

माझ्या बायकोचा धंदा लोकांची तोंडं रंगवण्याचा. असं म्हटलं की ती डोळे वटारते. "मेकअप आर्टिस्ट म्हणा की सरळ!" मी तिला रंगारी म्हणतो, आणि भांडण असेल तर पुट्टीवाली. टीव्हीवर बातम्या सांगणारी माणसं तिच्या खुर्चीत बसल्याशिवाय कॅमेऱ्यासमोर जात नाहीत. जागरणाने सुजलेले डोळे, दाढी करताना कापलेली हनुवटी, बायकोशी भांडून लाल झालेलं नाक, सगळं तिच्या हाताखालून गेलं की गुळगुळीत. चॅनलमध्ये लहानथोर सगळे तिला ताई म्हणतात आणि थोडे घाबरूनही असतात, कारण कोण खरा कसा दिसतो हे तिलाच ठाऊक.

तिच्या स्वतःच्या गालांवर तरुणपणीच्या मुरुमांचे खड्डे होते. लग्न ठरलं तेव्हाही होते. मला त्यांचं कधी काही वाटलं नाही. पहिल्याच भेटीत तिने मला इतकं फैलावर घेतलं होतं की गालांकडे बघायला सवड कुणाला होती! पण तिला वाटायचं. दिवसभर आरशासमोर दुसऱ्यांचे गाल सारखे करायचे आणि मागे उभं राहिलेलं आपलं तोंड त्याच आरशात बघायचं, हे सोपं नसावं.

तिच्याकडे येणाऱ्या एका बातमीदार मुलीने लेझर करून घेतलं आणि तिची कातडी खरंच सुधारली. झालं, आमच्या रंगारीच्या डोक्यात किडा शिरला. मी म्हटलं, "आता या वयात कुणाला दाखवायचंय?" हे मी बोलायला नको होतं. पुढचे काही दिवस मला जेवण मिळालं, पण बोलणं मिळालं नाही. आणि ती एकटीच जाऊन लेझर करून आली.

घरी आली तेव्हा तोंड भाजल्यासारखं लाल होतं. क्लिनिकवाल्यांनी बजावलं होतं की मलमाशिवाय काही लावायचं नाही, उन्हात जायचं नाही, कातडी भरून येईपर्यंत घरी बसायचं. ती बसलीही. पण तेवढ्यात निवडणुकीचे निकाल आले आणि चॅनलमधून फोनवर फोन सुरू झाले. निघाली. निघण्याआधी आरशासमोर उभी राहिली आणि त्या ओल्या, सोललेल्या गालांवर तिने आपल्या हाताने जाड थर चढवला, तोही इतरांच्या तोंडावरून फिरलेल्या स्पंजने. मी ओरडलो, तर म्हणाली, "मी अशा तोंडाने गेले तर माझ्या हातात तोंड कोण देईल? फाटक्या चपला घालून कुणी चपलांचं दुकान चालवतं का?"

गाल चिघळला. पू झाला, ताप आला, दुसऱ्या डॉक्टरची औषधं आणि गालावर पट्टी झाली. ती क्लिनिकमध्ये भांडायला गेली, तर त्यांनी हात वर केले. म्हणे, मेकअप लावलात, आता आमची जबाबदारी नाही. तिचं म्हणणं, मशीनचा जोर जास्तच ठेवला होता, जळका वास येत होता. दोन्ही खरं असावं. मग एक दिवस मी घरी आलो तर पट्टी गेलेली आणि तिचा गाल स्वच्छ. खड्डेसुद्धा नाहीत! "बरं झालं," ती म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

मी विश्वास ठेवला. मी बेकरीची गाडी चालवतो. उजाडायच्या आत निघतो, दुकानादुकानांत पाव टाकत फिरतो आणि अंधार पडला की झोपतो. चष्मा काढला की मला कपाट आणि भिंत यातला फरक कळत नाही. शिवाय खरं सांगायचं तर मला विश्वास ठेवायचाच होता. घरात हसणं-बोलणं परत आलं होतं, ते मला कशाला मोडायचं होतं?

माझ्या थोरल्या भावाची मुलगी नोकरीसाठी आमच्या गावात आली आणि मुलींच्या हॉस्टेलवर राहायला लागली. तिला घरात सगळे चिमणी म्हणतात. हिच्याही गालांवर मुरुमांचे डाग, जणू काकूकडूनच वारशाने आलेत. सुट्टीच्या दिवशी जेवायला आली की घास हातात धरून काकूच्या गालांकडे बघत बसायची. "काकू, कसली मस्त झालीये गं तुझी स्किन!" काकू म्हणायची, "जेव आधी." एवढंच म्हणायची.

त्या दिवशी मी सकाळची फेरी आटोपून घरी आलो. चहा घेता घेता सहज बोलून गेलो, "चिमणी आज लेझरला गेलीय. तुझ्याच क्लिनिकमध्ये. तुला सांगू नका म्हणाली होती, सरप्राइज द्यायचंय."

ती ओट्याशी होती. हातातली किटली तिने ठेवली ती निम्मी ओट्यावर, निम्मी बाहेर. किटली खाली पडली, चहा पायावर सांडला. तिने पायाकडे बघितलंही नाही.

"कधीची वेळ आहे?"

"एव्हाना पोचली असेल."

"गाडी काढा."

"अगं, पाय बघ आधी. भाजला असेल—"

"गाडी काढा म्हणते ना!"

तिचा आवाज ऐकून मी चहा तसाच टाकला.

बेकरीची गाडी म्हणजे चार चाकांवरचं कपाट. मागे रिकामे ट्रे खडखडत होते आणि ती शेजारी बसून फोन लावत होती. चिमणीचा फोन वाजत होता, उचलत नव्हती. क्लिनिकला लावला, तर तिथे नुसतं गाणं. रस्ता एका बाजूने खणून ठेवलेला, पुढे सिमेंटची गाडी आडवी.

"अहो, हॉर्न तरी वाजवा."

"वाजवून काय ती उडून जाणार आहे? आणि झालंय काय एवढं? तुला गुण आला तर तिला का नको? तिने कायम डागच घेऊन फिरावं असं वाटतं का तुला?"

हे मी रागाच्या भरात बोललो. माझ्या पुतणीचं चांगलं होतंय तर हिच्या पोटात का दुखावं, असंच मला वाटलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की माझा हात आपोआप हॉर्नवर गेला.

"तिच्या तोंडाला ते मशीन लागता कामा नये," ती म्हणाली. "बाकी मला आत्ता काही विचारू नका. तिथे बोलायचंय, इथे बोलून संपवायचं नाहीये मला."

काय ते कळलं नव्हतं, पण काहीतरी फार वाईट आहे आणि ते माझ्याच घरात आहे, एवढं कळलं. मी गाडी फुटपाथवर चढवून सिमेंटच्या गाडीला वळसा घातला. लोकांनी शिव्या घातल्या. बरोबरच होतं त्यांचं.

क्लिनिकचं दार काचेचं, आत थंडगार, सगळं पांढरं. काउंटरवरची मुलगी नवी होती. हिला बघून तिचे डोळे चमकले. "तुम्ही त्या आत बसलेल्या मुलीच्या काकू ना? तिने फोटो दाखवला तुमचा!" आणि बाकड्यावर बसलेल्या बायकांकडे वळून म्हणाली, "यांनी आपल्याकडेच केलंय हं. बघा ना गाल!"

एक बाई तर उठून अगदी जवळ आली, बाजारात वांगं निरखावं तशी निरखायला लागली. बायको दोन पावलं मागे सरली. "ती कुठे आहे?"

"आत. तोंड बधिर करायचं मलम लावलंय. अजून थोडा वेळ—"

ती दार ढकलून आत घुसली. मागे मी. गुलाबी कोट घातलेली एक मुलगी "आत येता येत नाही, चपला काढा" असं एकाच दमात ओरडली. चिमणी खुर्चीत आडवी झालेली, तोंडावर पांढऱ्या मलमाचा थर, वर प्लॅस्टिकचा पातळ कागद. शेजारी मशीन सुरू करून ठेवलेलं. डॉक्टरांचा पत्ता नव्हता, त्यांचा फोटो तेवढा भिंतीवर होता.

"काकू!" बधिर ओठांनी चिमणी बोबडं बोलली. "काकांनी सांगितलं ना? त्यांच्या पोटात काही म्हणून राहत नाही."

बायकोने पर्समधून मेकअप उतरवायची बाटली काढली, कापूस काढला आणि डावा गाल पुसायला घेतला. पहिला बोळा तपकिरी झाला, दुसराही. तिसरा तिने जोर लावून फिरवला. तेवढा अर्धा चेहरा मोकळा झाला.

खाली जे होतं ते मी कधी पाहिलं नव्हतं. गालफडापासून जबड्यापर्यंत कातडी काळी पडलेली, मध्येच चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखे पांढरे ठिपके आणि जबड्याच्या कडेने बोटाएवढा जाड, चकाकणारा वळ. माझी बायको होती ती.

गुलाबी कोटवाली सावरून घेत म्हणाली, "मॅडम, तुमची केस वेगळी होती. तुम्ही काळजी घेतली नाहीत. मेकअप—"

"लावला. ती माझी चूक, मी कबूल करते," बायको म्हणाली. "आणि जळका वास आल्यावर मी थांब म्हणाले, तेव्हा 'होतंच असं' म्हणून तू दाबत राहिलीस. ती चूक कुणाची? माझी कातडी सावळी आहे, तिला किती सोसेल हे त्या दिवशी तू कुणाला विचारलं होतंस?"

मशीन बारीक आवाजात गुणगुणत होतं. चिमणी खुर्चीत उठून बसली होती आणि काकूच्या गालाकडे टक लावून बघत होती. मला वाटलं, सुटलो. आता ही उठेल आणि आम्ही घरी जाऊ.

"पण काकू," ती सावकाश म्हणाली, "हे कुणालाच कळलं नाही की. मी दर सुट्टीला तुझ्यासमोर बसते, मला नाही कळलं. काकांना नाही कळलं. समजा माझं बिघडलंच, तर तू आहेस ना. मला शिकव झाकायला."

बायको मटकन स्टुलावर बसली. आयुष्यभर लोकांनी तिच्या हाताचं कौतुक केलं आणि तिने ते मान वर करून ऐकलं. असं कौतुक तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. मला त्या पोरीला एक ठेवून द्यावीशी वाटली. पण ती बिचारी खरं तेच बोलत होती.

बाहेरून काउंटरवालीने विचारलं, "घ्यायचं का आत पुढच्या पेशंटला?" गुलाबी कोटवालीने हातमोजे घातले. "मॅडम, मलमाचा असर उतरायच्या आत करायला लागतं," ती चिमणीला म्हणाली. "ठरवा पटकन."

बायकोने चिमणीचा हात धरला आणि आपल्या गालावर ठेवला, त्या जाड वळावर. चिमणी हात मागे घ्यायला लागली, तर हिने सोडला नाही.

"लाव हात. नीट लाव. डोळ्यांना दिसतं ते मी झाकते. बोटांना लागतं ते कसं झाकू, सांग. तुझा काका रोज माझ्या शेजारी झोपतो. हे झाल्यापासून मी त्याला तोंडाजवळ येऊ दिलेलं नाही. तो या कुशीवर वळला की मी घोरायचं सोंग घेते. त्याला वाटतं, बाई दमली."

मला तसंच वाटत होतं. मी तर त्या घोरण्यावरून तिची बेकरीत टिंगलही केली होती.

"तुझं लग्न व्हायचंय," ती म्हणाली. "उद्या कुणी मायेने तुझ्या गालावरून हात फिरवायला आला, तर काय करशील? घोरशील?"

चिमणीला हसू आलं, पण बधिर तोंडाला ते जमेना आणि तिचं तोंड वेडंवाकडंच झालं. मग ती रडायला लागली. काकूच्या गालावरचा हात मात्र तिने काढला नाही. दुसऱ्या हाताने तोंडावरचा प्लॅस्टिकचा कागद ओरबाडून काढला आणि काकूसमोर तोंड धरलं. बायकोने उरलेल्या कापसाने ते मलम पुसलं, एकही ठिपका न ठेवता, कॅमेऱ्यासमोर जायच्या माणसाचं पुसावं तसं.

बाहेर बाकड्यावरच्या बायकांनी हिचा गाल पाहिला. मघाची निरखणारी बाई पर्स उचलून आमच्या आधी दाराबाहेर पडली. तिच्या शेजारची मात्र आपलं नाव पुकारल्यावर उठली आणि मान खाली घालून आत गेली. बायको तिच्याकडे बघत थांबली. मी दंडाला धरून तिला बाहेर काढलं.

गाडीत आम्ही तिघं पुढेच दाटीवाटीने बसलो. खिडकीशी चिमणी, मध्ये ही. मला बायकोचा राग आला होता, स्वतःचा त्याहून जास्त, आणि रडू येईल म्हणून मी गिअरशी झटापट करत होतो. सिग्नलला थांबलो तेव्हा न राहवून विचारलं, "मी हात लावू?"

ती चिमणीकडे तोंड करून तिच्या कपाळावर राहिलेलं मलम नखाने काढत होती. न वळताच म्हणाली, "लावा. पण तिथे मला काही कळत नाही, आधीच सांगते."

मी हात लावला. तिचं काम चालूच होतं. मी हात लावलाय हे तिला चिमणीच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा कळलं.