कापसाच्या किल्ल्यावर अनवाणी

आमच्या मालकांना, म्हणजे आमच्या ह्यांना, तळपायाला काही लागलं तरी कळत नाही. चाकणच्या कंपनीत होते तेव्हापासूनचा साखरेचा आजार. डाव्या पायाची करंगळी मागेच काढावी लागली. तेव्हा थेरगावातले आमचे डॉक्टर म्हणाले होते, "आजी, आता घरातसुद्धा अनवाणी नाही. पुढची जखम चिघळली तर पाऊलच जाईल."

आणि अशा माणसाला घेऊन मी गेले तुर्कस्तानात! सोसायटीतली मंडळी निघाली होती, लेकानं आग्रह केला, म्हटलं चला.

तिथं पामुक्कले म्हणून जागा आहे. नावाचा अर्थच कापसाचा किल्ला. अख्खा डोंगर पांढरा. गीझरच्या कॉइलवर पांढरी खपली धरते ना, तशीच, पण डोंगराएवढी. गरम झऱ्यांच्या पाण्यानं साचलेली. मध्ये निळ्या पाण्याची कुंडं, आणि माथ्यावर रोमन काळातलं पडकं गाव.

खालच्या फाटकापाशी पहारेकऱ्यानं शिट्टी मारली. पायातलं काढा. दगड खराब होतो, म्हणून सगळ्यांनाच अनवाणी चढावं लागतं.

"अहो, आपण खालीच बसू."

"आगं, एवढ्या लांब येऊन फाटकाकडं बघत बसायचं व्हय? जपून चालतो की."

त्यांनी सँडल काढले, माझ्या चपलांशेजारी भिंतीला लावून नीट ठेवले. देवळाबाहेर ठेवतो तसे. बाकीच्यांनी आपापली पायताणं पिशवीत घालून बरोबर घेतली, हे आमच्या ध्यानातच आलं नाही. उतरताना घालू, एवढाच हिशेब.

पाणी कोमट होतं. हे पोरासारखे खूश. दगड मात्र कुठं गुळगुळीत, तर कुठं किसणीसारखा. मी मागून चालत होते. पांढऱ्या दगडावर तांबडा डाग दिसला. खरं सांगते, पहिल्यांदा मनात आलं, इथंसुद्धा कुणी पान खाऊन थुंकलं की काय! मग पुढं आणखी एक डाग. मग आणखी एक. हे उजवा पाय टेकतील तिथं तिथं.

"अहो, बसा खाली. पाय दाखवा."

"कायबी न्हाई झालं. दुखत न्हाई मला."

दुखत नाही, हीच तर भीती. मी धरून खाली बसवलं आणि पाय उलटा केला. अंगठ्याखाली चांगली लांब चीर पडली होती, आणि आत दगडाची पांढरी कच.

आमचा टूर मॅनेजर धावत आला. "आजोबांना सँडल घाला आजी. वर सगळी खडी आहे."

"सँडल खाली फाटकाशी आहेत."

"खाली? अहो, बस वरच्या फाटकाला लागलीय! आपण खाली परत येणारच नव्हतो."

तो बिचारा सँडल आणायला उतरला. मी बाटलीच्या पाण्यानं जखम धुतली, ओढणी गुंडाळली आणि पाय मांडीवर घेऊन बसले. आजूबाजूला लोक फोटो काढत होते. सकाळीच गाइडनं कौतुकानं सांगितलं होतं, पूर्वी लांबलांबून आजारी माणसं या पाण्यावर बरी व्हायला यायची. जी बरी झाली नाहीत त्यांची थडगी वर आहेत, रांगेनं. ते ऐकताना मी मान डोलावली होती. आता माथ्याकडं बघवेना.

"रडतीस काय? पाय माझा हाय," हे म्हणाले.

"गप बसा हो!"

विमानतळावरून घरी न जाता थेट डॉक्टरांकडं गेलो. पुढं कितीतरी दिवस ड्रेसिंग. पट्टी सुटली की मी जखमेकडं बघायचेच नाही, डॉक्टरांच्या तोंडाकडं बघायचे. शेवटी एकदाचे म्हणाले, "भरली, आजी. पाऊल राहिलं."

"मी काय म्हणत होतो?" आमच्या मालकांची लगेच मान ताठ.

आता रोज आंघोळ झाली की ते खुर्चीत बसतात, मी खाली. चष्मा लावते, पाय हातात घेते, आणि उलटा करून बघायच्या आधी अजूनही क्षणभर डोळे मिटते.

"काय दिसतंय का?" वरून विचारतात.

"थांबा जरा," मी म्हणते. "अजून बघितलं नाही."