वरचे दोन दात

एकोणऐंशीचा शिमगा आटोपला आणि आम्ही सिहोरा सोडलं. यांना पिंपरीच्या कारखान्यात नोकरी लागली होती. वरठीच्या स्टेशनापर्यंत आई आणि धाकटा भाऊ दामू पोचवायला आले. माझा बबन तेव्हा चार महिन्यांचा. गाडी हलेपर्यंत दामूनं त्याला खाली ठेवलं नाही. आई मात्र खिडकीशी उभी राहून सूचनाच देत होती. "दात येऊन राहिले की खारीक देजो चावाले. अन् वरचा दात पहिले आला तं चिट्ठी टाकजो. मामाले जड जाते. वर्षभर मामानं तोंड नाही पाहाचं."

आमच्याकडे ही रीतच आहे. वरचा दात आधी आला, तर वर्ष झाल्यावर मामानं भाच्याला चांदीची वाटी द्यायची आणि मगच त्याचं तोंड पाहायचं. मी हो हो म्हटलं. माझं लक्ष आईच्या डोळ्यांकडे होतं.

पिंपरीत एक खोली, बाहेर नळ, यांची पहिली-दुसरी-तिसरी शिफ्ट. मी 'मले' म्हटलं की शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या. सातव्या महिन्यात बबन लाळ गाळू लागला आणि जे हाती येईल ते चावू लागला. मी दोऱ्याला बांधून खारीक दिली. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी ती पाहिली आणि माझी चांगलीच खरडपट्टी काढली. तुकडा घशात गेला म्हणजे? धुतलेल्या बोटानं हिरडी चोळा, दात आला की ओल्या फडक्यानं रोज पुसा. मी तिथेही हो हो म्हटलं. घरी येऊन खारीक डब्यात ठेवली, पुन्हा काढली, पुन्हा ठेवली. आई खोटी की बाई खोटी, काही कळेना.

मग एका सकाळी पेज भरवताना चमचा टक्कन वाजला. वर. मी बोट फिरवून पाहिलं, खाली काहीच नव्हतं. तशीच दवाखान्यात गेले. नर्सबाई म्हणाल्या, "वर काय नि खाली काय, दात तो दात." मला ते पटलं. घरी पोचेपर्यंतच पटलं.

खरं सांगायचं तर भाऊबीजेला दामू येणार होता. सहा महिन्यांत माहेरचं एकही माणूस मी पाहिलं नव्हतं. आईला कळलं असतं तर तिनं त्याला घराबाहेर पडू दिलं नसतं. मी पोस्टकार्ड घेतलं आणि लिहिलं, 'बाळाला खालचे दोन दात आले.' भावाच्या जिवाशी खेळतेय असं वाटत होतं, आणि असल्या गोष्टी कोण मानतं असंही वाटत होतं. कार्ड पेटीत टाकलं.

दामू आला, नव्या धानाचे पोहे घेऊन. मी बबनला कुशीत दाबून पाठमोरी बसले. म्हटलं, झोपला आहे. दामूनं हसत त्याला ओढूनच घेतलं. मामाचा दाढीवाला चेहरा पाहून पोरगं खदखदून हसलं, आणि ते दोन दात चमकले.

दामूनं त्याची हनुवटी उचलून पुन्हा पाहिलं.

"ताई, चिट्ठीत तं खालचे लिवलं होतं."

"तुले आईनं येऊ देलं नसतं," मी म्हटलं आणि रडायलाच लागले.

 दामूनं उठून हात धुतले आणि बोट बबनच्या तोंडात दिलं. "चाव रे भाच्या, किती चावतं ते पाहू." मला म्हणाला, "आईले नोको सांगू. म्या खालचेच पाहिले."

तो गेल्यावर पोचल्याचं पत्र येईना. अकरा दिवस. त्याचा दुपट्टा आमच्याकडे राहिला होता. मी मीठ-मिरच्या घेऊन त्या दुपट्ट्याची दृष्ट काढली, आणि त्याच हातांनी, साबणानं धुऊन, नर्सबाईंनी सांगितल्याप्रमाणे बबनचे दात पुसले. मी नेमकं काय मानत होते, ते विचारू नका. बाराव्या दिवशी आईचं पत्र आलं. आईला लिहिता येत नाही, त्यामुळे अक्षर दामूचं. 'दामूनं डोळ्यानं पाहिलं, खालचेच दात आहेत, माझ्या जिवाला बरं वाटलं.' आईच्या समाधानाची ओळ त्यानं स्वतःच्या हातानं लिहिली होती. मी ते पत्र छातीशी धरून बसून राहिले.

सिहोऱ्यात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखे निघून आलेल्यांनो, आता सात-आठ वर्षं झाली. बबन शाळेत जातो, त्याचे ते दात पडूनही गेले. दामूला काही झालं नाही. तरी त्याला ताप आल्याचं कळलं की मी इथे दोन दिवस जेवत नाही, आणि शेजारणीला मात्र सांगते, असलं काही नसतं हो. शहाणी कधी झाले आणि कुठवर झाले, मला अजून उमगलेलं नाही. एवढं कळतं, की दिवाळीत एसटी गावच्या फाट्यावर थांबते तेव्हा मी आधी घराकडे पाहत नाही. सायकल धरून दामू धडधाकट उभा दिसला, की मगच मी घरी पोचते.