कालिंदीच्या स्कूटरचा पट्टा

काळाचौकीच्या एका गल्लीत, चाळीखाली, रघुवीरचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे एक शटर, आत दोन स्कूटर जेमतेम मावतील एवढी जागा आणि बाकी सगळा कारभार फुटपाथवर. रघुवीरच्या हाताला गुण आहे असं गल्ली म्हणते, आणि जिभेला नाही असंही गल्लीच म्हणते. गिऱ्हाईक तक्रार सांगायला लागलं की पहिल्याच वाक्याला तो हात वर करतो. "कळलं. संध्याकाळी या." बहुतेक वेळा त्याला खरंच कळलेलं असतं, आणि त्यामुळेच ही खोड कधी सुटली नाही.

अशा माणसाच्या स्वतःच्या बायकोची स्कूटर महिनाभर रडत होती.

कालिंदी पोळीभाजी करते आणि भले मोठे डबे स्कूटरवर लादून रोज करी रोडच्या पुलावरून वरळीच्या एका ऑफिसात पोचवते. एक डबा पायाशी, दोन मागच्या सीटवर बांधलेले. एके दिवशी परत आल्या आल्या ती म्हणाली, "अहो, पुलावर चढताना गाडी नुसती बोंबलते, पुढे सरकत नाही. मागून बस अंगावर येते."

रघुवीर कुणाचा तरी ब्रेक आवळत होता. त्याने मानही वर केली नाही. "तू एक्सलेटर पिळतेस. हळू दे ना. गाडी काय पळून जाते?"

"पळाली असती तर बोलले नसते."

मग बायकोच्या समाधानासाठी त्याने गाडीवरून गल्लीतून एक फेरी मारली. एकटा, डबे नाहीत, रस्ता सपाट. परत येऊन म्हणाला, "लोण्यासारखी चालते. गाडीत काही नाही, चालवण्यात आहे."

पुढच्या आठवड्यात कालिंदीने पुन्हा तेच सांगितलं, त्यानेही पुन्हा तेच सांगितलं. तेव्हा तिने समोरच्या फुटपाथकडे बोट दाखवलं. "तुम्हाला वेळ नसेल तर मी मयूरकडे देते."

हे मात्र झोंबलं. मयूर म्हणजे समोरचं नवं गॅरेज. पोरगा कालचा, पण नट खोलायला मशीन, गिऱ्हाइकाला बसायला खुर्ची, वर पंखा. रघुवीरच्या बायकोची स्कूटर मयूरच्या दारात उभी राहिलेली गल्लीने पाहिली असती, तर रघुवीरने शटर ओढून सरळ गावची गाडी पकडायची, दुसरं काय! त्याने त्याच संध्याकाळी साइड कव्हर खोललं.

स्कूटरला गिअर नसतात. पुढे एक पुली, मागे एक पुली, मध्ये रबरी बेल्ट. वेग बदलेल तशा पुल्या उघडतात, मिटतात, आणि बेल्ट त्यांच्यात वरखाली सरकतो. मागच्या पुलीवर क्लच आणि एक मोठी स्प्रिंग असते, तिचं काम बेल्टला घट्ट दाबून धरायचं. बेल्टची पकड गेली की इंजिन गळा काढतं आणि चाक ढिम्म. रघुवीरने बेल्ट बदलला आणि हात झटकले.

चार दिवस बरे गेले. मग गाडी पुन्हा पुलावर अडकायला लागली, वर आणखी किंचाळायला आणि गचके द्यायलाही लागली. उघडून बघतो तर कोरा बेल्ट काळा चकचकीत, पुल्यांवर तपकिरी चिकट थर. दुकानदाराने डुप्लिकेट माल दिला म्हणून रघुवीर दादरला जाऊन भांडून आला. दुसरा बेल्ट घातला. पुन्हा तेच. पुढच्या पुलीतले रोलर बदलले, आधी हलके, मग जड. क्लचचे शू पॉलिश पेपरने घासले, त्यांच्या बारक्या स्प्रिंगा नव्या टाकल्या. मोठी स्प्रिंग तेवढी तशीच ठेवली, कारण डोळ्यांना ती चांगली दिसत होती आणि स्वतःच्या डोळ्यांवर त्याचा फार विश्वास. प्रत्येक वेळी गाडी दोन-चार दिवस शहाण्यासारखी वागायची आणि पुन्हा किंचाळायची. रघुवीरचं डोकं पार फिरलं. गिऱ्हाइकांवर खेकसून झालं, पान्हा गटारात फेकून झाला, मग तो काढताना हात खरचटून झाला. त्यात समोरून मयूर अगदी गोड आवाजात विचारायचा, "रघूकाका, काकींची गाडी परत?"

रघुवीर दुपारी जेवून वर घरात डुलकी काढतो, तेवढा वेळ शटर अर्धं ओढलेलं असतं. त्या दिवशी वैतागाने झोप येईना, म्हणून तो लवकरच खाली आला. आत कुणीतरी बसलेलं दिसलं. वाकून बघतो तर त्याचे वडील, गंगाधर.

म्हातारा ऐंशीचा. साऱ्या जवानीत जुन्या मिलच्या साचेखात्यात मागांचे चामड्याचे पट्टे सांभाळले, मिल बंद पडल्यापासून गॅलरीतल्या खुर्चीत. तो आता स्कूटरपाशी उकिडवा बसला होता. साइड कव्हर काढून बाजूला टेकवलेलं, नट एका वाटीत. डाव्या हाताने मागची पुली फिरवत होता आणि उजव्या हातातला राळेचा खडा बेल्टवर अगदी प्रेमाने घासत होता.

"बाबा! काय करताय हे?"

"राळ लावतंय," म्हातारा शांतपणे म्हणाला. "आमच्या मिलीत पट्टो सुटलो काय राळ लावीत."

चामड्याच्या पट्ट्याला राळेने पकड येत असेल. पण हा रबरी बेल्ट पुल्यांमध्ये सरकायला हवा. राळेने तो आधी चिकटतो, गचके खातो, मग तापून राळेचा काचेसारखा थर बसतो आणि तो साफ घसरतो. रघुवीर हे सगळं इतक्या मोठ्याने बोलला की वरच्या गॅलऱ्या भरल्या. महिनाभराचा राग त्याने एका दमात ओतला. दुकानदाराशी भांडलो, गल्लीत हसं झालं, आणि चोर घरातच!

गंगाधरने हात पुसले. "बोंबलू नको. सून रोज सांगता पट्टो सुटता म्हणान. तू आयकतंस? मगे कोणीतरी बघूक होया ना?"

रघुवीरने ते कानावरच घेतलं नाही. त्याला रोग सापडला होता. पुल्या थिनरने धुतल्या, नवा बेल्ट चढवला, आणि कालिंदीला, मयूरला, सगळ्या गॅलऱ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "झालं! आता बघा." बघायला म्हणून त्याने तिन्ही डबे पाण्याने भरून बांधले आणि स्वतः पुलाकडे निघाला.

पुलाच्या मध्यावर इंजिनने गळा काढला. रघुवीरने एक्सलेटर आणखी दिला, आवाज तेवढा वाढला, गाडी जागच्या जागी. डब्यांच्या वजनाने हँडल डगमगलं. मागून बसचा हॉर्न, आणि आरशात नुसती बस, आकाश नाही, रस्ता नाही. ब्रेक लागल्याचा आवाज त्याने पाठीवर ऐकला. पाय टेकवत, फरफटवत त्याने गाडी कडेला घेतली आणि कठडा धरून उभा राहिला. कालिंदी इथून रोज जात होती, आणि संध्याकाळी आपल्याला पोळ्या वाढत होती. त्याला स्वतःची अतिशय लाज वाटली.

गाडी ढकलत आणली, मागची पुली पूर्ण खोलली आणि मोठी स्प्रिंग एका नव्या स्प्रिंगेशेजारी उभी केली. चांगली दोन बोटं बुटकी. दाबून दाबून बसलेली, महिनाभरात आणखीच. राळ नंतर आली, हिने त्याआधीच दम सोडला होता.

दुसऱ्या दिवशी कालिंदी वरळीहून परत आली तेव्हा रघुवीर काम सोडून फुटपाथवर उभा होता.

"चढली?"

"एकदम मस्त."

"स्प्रिंग बसली होती," तो स्प्रिंग हातात फिरवत म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. बाबांचं काही नाही. माझंच चुकलं." एवढं बोलायला त्याला घाम फुटला.

कालिंदीने डबे उतरवले. "बरं झालं सापडली. पुढच्या महिन्यात सर्व्हिसिंग आहे ना, तेव्हा मयूरकडे देईन म्हणते."

"आता का? केली ना मी नीट!"

"केलीत की. हात तुमचाच चांगला आहे." तिने चावी पर्समध्ये टाकली. "पण तो गाडी उघडायच्या आधी विचारतो, काकी, काय होतंय?"