दोन बस आणि एक टमटम पलीकडचा दगड

हदगावच्या बसस्थानकावर आबा माझी गळाची काठी बसमध्ये घालायचा प्रयत्न करत होते. वेळूची काठी, माझ्या उंचीपेक्षा हातभर लांब. त्यांनी ती आडवी धरून पाहिली, तिरपी करून पाहिली, एकदा खिडकीतून अर्धी आत ढकलली. कंडक्टर दारात उभा राहून सगळं बघत होता.

"मामा, ही कुणाची?"

"पोरीची. लातूरला चालली, नांदेडहून बदलून. मासे धरती ती."

"लातूरला लोक प्यायचं पाणी धरून राहिले नळाखाली," कंडक्टर म्हणाला. "मासे कुठून धरावं तिनं?"

मागचे प्रवासी हसले, आबाही हसले. काठी खालीच राहिली. बस हलता हलता आबांनी खिडकीतून एक डबी माझ्या हातात दिली. तंबाखूची जुनी डबी, आत दोन गळ, शिशाचा एक मणी आणि तंगुसाची, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीची, गुंडाळी. इतर बाप अशा वेळी नीट राहा म्हणतात, पोचल्यावर फोन कर म्हणतात. माझे आबा म्हणाले, "जागा थंड होऊ देऊ नको."

गावात राहिलेल्यांना याचा अर्थ सांगायला नको. पण आपल्यातले जे पुण्याला, हैदराबादला, लातूरला गेले, त्यांच्या लेकरांसाठी लिहून ठेवते. आपलं गाव पैनगंगेच्या काठावर, हदगाव आणि हिमायतनगर यांच्या मधोमध. गावाखाली नदी वळते तिथं डोह आहे, आणि डोहाच्या काठानं बसायचे दगड आहेत. पूर ओसरला की दगड उघडे पडतात, पुढच्या पुरात पुन्हा बुडतात. या दोन पुरांच्या मधल्या काळात ज्यानं आपल्या दगडावर बसून एकदा तरी गळ पाण्यात टाकला, त्याची जागा कायम. जो आलाच नाही, त्याचा दगड पुरानं झाकला की जागा थंड झाली. मग तिथं कुणीही बसावं. यावरून कधी भांडण झालेलं मला आठवत नाही. कुठं लिहून ठेवलेलं नाही, पण सगळ्यांच्या ध्यानात असतं.

आबांची जागा सगळ्यात वरची. प्रवाह डोहात शिरतो तिथला तो दगड, त्याला तोंडाचा दगड म्हणतात. तो त्यांना वारशानं मिळाला नव्हता. आमच्या बौद्धवाड्यातल्या माणसांनी डोहाच्या खाली, जनावरं धुतात त्या गढूळ पाण्यात गळ टाकायचा, असा रिवाज होता. आबा तेव्हा विशीत होते, हदगावच्या जिनिंगमध्ये कामाला जात होते. त्यांनी एक पत्रक लिहिलं, हदगावात छापून आणलं आणि घरोघर वाटलं. त्यातली एक ओळ मला पाठ आहे: 'डोह कोणाच्याही सातबाऱ्यावर नाही.' मग एक दगड थंड झाला तसे ते जाऊन त्यावर बसले. पहिल्या दिवशी ते आले तसे बाकीचे उठून गेले. दुसऱ्या दिवशी कुणी आलंच नाही. तिसऱ्या दिवशी दत्तराव आले. त्यांची शेती नदीला लागून, घराणं गावात मोठं. ते शेजारच्या दगडावर बसले, गळ हातात घेतला, आणि म्हणाले, "संभा, गांडूळ हायत का?"

आबांनी त्यांना अर्धी गांडुळं दिली. तो लढा तिथं संपला. आबा सांगायचे, पत्रकानं बसायची हिंमत दिली, पण दगड आपला झाला तो गांडूळ मागितल्यावर.

मी त्या घरात वाढले. आमच्याकडं पुस्तकं कमी आणि पत्रकं भरपूर. भाकरीच्या टोपल्यात तळाशी पत्रक, माझ्या वहीला कव्हर पत्रकाचं. अक्षरं मी त्यावरच शिकले. माय म्हणायची, "लोकांच्या लेकरानं आधी आई लिवलं, आमच्या पोरीनं जाहीर आवाहन लिवलं." मी दहावीत असताना माय गेली. मग आबा मला रोज डोहावर नेऊ लागले. पोरीला काय नेतोस म्हणणाऱ्यांना ते उत्तरच देत नसत.

लातूरला मी एका छापखान्यात लागले. क्लासेसच्या प्रश्नपत्रिका टाइप करायच्या आणि तपासायच्या. पहिल्याच आठवड्यात एक गणित आलं: एक नाव प्रवाहाला काटकोनात अमुक वेगानं जाते, तर पैलतीरावर पोचायला किती वेळ लागेल. ज्या शहरात आठवड्यातून एकदा नळ येतो तिथं हजारो पोरं खोल्यांमध्ये बसून नदी ओलांडत होती. त्यांतल्या किती जणांच्या गावाला खरी नदी असेल आणि ती सोडून ती इथं आली असतील, असं मला वाटायचं. मांजरा लातूरपासून फार लांब नाही, पण ती माझी नदी नव्हती. तिच्या काठावर मला कुणी ओळखत नव्हतं.

मशीनवरचे गफूरचाचा अहमदपूरकडचे. त्यांनाही गळाचा नाद. तुमचं तळं किती लांब, म्हणून विचारलं तर म्हणाले, "एका बसवर. तुझं?" मी म्हणाले, "दोन बस आणि एक टमटम." त्यांनी कानाला हात लावला. नंतर माझ्या ध्यानात आलं की गळवाली माणसं अंतर किलोमीटरमध्ये मोजतच नाहीत. आणखी एक ध्यानात आलं. चाचांचं तळं एका बसवर असून ते तीन वर्षांत तिकडं गेले नव्हते. "जवळच तर आहे, जाता येईल कधीही," असं ते दर रविवारी म्हणायचे. मी मात्र हिवाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा जायचेच. जाऊन आबांच्या मागे गवतात बसायचे.

तेवढ्यात गावात एक गोष्ट घडली. दत्तरावांचा मुलगा पुण्याला असतो. त्याच्या नावाचा दगड थंड होऊ नये म्हणून त्यानं सालगड्याला पाठवलं. सालगडी बसला, गळ भिजवला आणि उठला. हे मला आबांनी फोनवर हसत हसत सांगितलं, पण माझं डोकं फिरलं. पाण्यावरही आता वारस लावणार, तोही दुसऱ्याच्या ढुंगणानं बसून? मी त्याच दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत पत्रक लिहिलं. छापखान्यातल्या उरलेल्या पिवळ्या कागदावर चाचांनी ते छापून दिलं आणि मी गठ्ठा गावी पाठवला. त्यात लिहिलं होतं: 'पाण्याला वारस नसतो. ज्याचा गळ पाण्यात, त्याची जागा.'

आबांचा फोन आला. "झ्याक लिवलंस. दत्तराव लई चिडून राहिला." मग म्हणाले, "आपल्याला बी लागू हाय ना हे?"

"हाव, म्हणजे काय," मी म्हणाले. त्या वेळी तसं म्हणायला काही लागत नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात, दगड अजून पाण्याखाली असतानाच, आबा घराच्या पायरीवर पडले आणि गुडघा गेला. मी त्यांना लातूरला आणलं. ऑपरेशन, व्यायाम, काठी. छापखान्यात परीक्षांचा हंगाम, मला सुट्टी नाही. आबा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून टँकर बघायचे. एकदा त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, "हे कुठलं पाणी?"

"बोअरचं."

"त्याला नाव न्हाई का?"

"पाण्याला कसलं नाव, काका? घागर धरा."

उन्हाळा गेला. जूनच्या शेवटी गावाकडून कुणीतरी कळवलं की नदीला पूर आला, दगड बुडाले. आबांनी ऐकून घेतलं. त्या दिवशी त्यांनी डबी उघडली, गळ पुसले आणि डबी बंद केली. मला काहीच म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं. ज्या दगडासाठी ते दोन दिवस एकटे बसले, तो माझ्या प्रश्नपत्रिकांपायी गेला होता.

दिवाळीनंतर म्हणाले, "बघून तरी येऊ."

आम्ही गेलो. नांदेडला बस बदलताना त्यांना हात द्यावा लागला, टमटममध्ये पाय लांब करायला जागा मिळाली नाही, पण त्यांनी तक्रार केली नाही. डोहावर पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. पाणी निवळ होतं. दत्तराव आपल्या दगडावर होते, आणखी तिघं-चौघं खाली होते. आणि तोंडाच्या दगडावर एक बाई बसली होती. चाळिशीची, पदर कमरेला खोचलेला, गळ पाण्यात. मी तिला ओळखत नव्हते. ती नरसव्वा, तेलंगणातली, लग्न होऊन आपल्या गावात आलेली. नवरा ट्रॅक्टर चालवतो. इतकी वर्षं ती खाली, गुरांच्या पाण्यात गळ टाकायची, म्हणून माझ्या नजरेला कधी पडलीच नव्हती.

दत्तरावांनी आम्हाला पाहिलं आणि तिच्याकडं वळून म्हणाले, "ए बाई, ऊठ. मालक आले."

खालचे दोघंही म्हणाले, "ऊठ की. संभाचा दगड हाय तो."

खरं लिहिते. त्या क्षणी मला बरं वाटलं. ज्या गावानं माझ्या बापाला तिथं बसू द्यायचं नाकारलं, तेच गाव त्याला त्या दगडाचा मालक म्हणत होतं. आबा काठीवर टेकून उभे होते, आणि मला वाटलं, उठू दे तिला. एवढं तर आमचं होतंच.

नरसव्वा तंगूस गुंडाळू लागली. गुंडाळताना खाली बघूनच म्हणाली, "मी फुकट न्हाई बसले. दगड थंड झालता. आन् कागदात बी लिवलंय, ज्याचा गळ पाण्यात त्याची जागा. पंचायतीच्या भिंतीला हाय अजून. माझ्या पोरीनं वाचून दाखवलं मला."

दत्तराव खदखदून हसले. "लिवणारीच उभी हाय तुझ्यापुढं." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "बोल आता, सुजाता. तुझा कागद खरा का तुझा बाप खरा?"

दोन वर्षं थांबले होते ते या एका वाक्यासाठी. मी आबांकडं पाहिलं. ते माझ्याकडं बघत नव्हते, पाण्याकडं बघत होते.

"कागद खरा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणाले, "कागद खरा, काका. त्यांना बसू द्या."

आबा काठी टेकत टेकत उताराला लागले. मी हात द्यायला गेले तर त्यांनी नको म्हणून मान हलवली. ते तोंडाच्या दगडापाशी पोचले, उभे राहिले, आणि म्हणाले, "नरसव्वा, गांडूळ हायत का?"

दत्तरावांनी मान दुसरीकडं वळवली. त्या प्रश्नाचा अर्थ तिथं त्यांच्याइतका कुणालाच ठाऊक नव्हता.

नरसव्वानं डबा पुढं केला आणि बाजूला सरकली. "बसा की, मामा." आबा बसले. दगडावर दोन माणसं आरामात मावली. मी लहानपणापासून तो दगड बघत आले, पण तो इतका रुंद आहे हे मला माहीत नव्हतं. आबा तिथं नेहमी मधोमध बसायचे, आणि मी मागे गवतात.

ऊन उतरेपर्यंत ती दोघं बोलत होती. नरसव्वाच्या माहेरी मोठं तळं आहे, ती त्याला चेरूव म्हणते. तिथं ती वडिलांबरोबर मरळ मासे धरायची. लग्नानंतर तिथं गळ टाकायला गेली नाही. "जाते ना माहेरी," ती म्हणाली, "पर तिथं भावजयीच्या हाताखाली सैपाक करून येते. तळं लांबूनच दिसतं." किती लांब आहे, म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, "नदीच्या पल्याड असतं तर सांगितलं असतं. ते लगनाच्या पल्याड हाय."

हे वाक्य ऐकल्यापासून मला माझ्या स्थलांतराचं फार कौतुक वाटेनासं झालं. आपण शहरात गेलेली माणसं आठवणी लिहितो, छापतो, एकमेकांना पाठवतो. आणि आपल्या मागे जे गाव राहिलं म्हणतो, त्या गावातली निम्मी माणसं, म्हणजे घराघरातल्या सुना, आपापलं पाणी सोडूनच आलेली आहेत. त्यांना कुणी विचारलं नाही की तुमची जागा थंड झाली का. माझ्या मायलाही मी कधी विचारलं नाही. तिच्या माहेराला ओढा होता की विहीर, हेसुद्धा मला सांगता येणार नाही.

निघताना दत्तराव म्हणाले, "संभा, दोन बसा बदलून आलास, आन् एक झिंगा बी न्हाई गावला."

"पाणी बघाय आलतो," आबा म्हणाले. "ते गावलं."

आता आबा लातूरच्या खोलीत माझ्यासमोर बसून गळाला धार लावत आहेत. गुडघा बराच सुधारला आहे. गफूरचाचा गेल्या महिन्यात त्यांना अहमदपूरला, आपल्या एका बसवरच्या तळ्यावर घेऊन गेले. इतकी वर्षं न गेलेला माणूस आबांच्या नादानं गेला, आणि येताना दोघंही चिखलानं भरून आले. गेल्या रविवारी मांजरेच्या काठावर जाऊन आम्ही एक जागाही बघून ठेवली. तिथं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं आम्हाला नाव विचारलं, गाव विचारलं. पुढच्या वेळी त्यांच्याकडं गांडूळ मागायचं आम्ही ठरवलं आहे.

आणि काल नरसव्वाचा फोन आला. "मामा, ढग लई जमून राहिलेत. दगड बुडायच्या आत येता का?"

मी लहान असताना मला वाटायचं, गाव म्हणजे जे आपल्या नावावर असतं ते. आमच्या नावावर काहीच नव्हतं, म्हणून त्या दगडाचा मला एवढा अभिमान होता. आता तोही आमचा नाही, आणि तरी तिथून बोलावणं येतं. माझ्यापुरतं गाव एवढं आहे: आधीपासून बसलेलं माणूस आपल्याला बघून थोडं सरकतं. आपल्यापैकी जे पुढं गेले आणि जे मागं राहिले, त्या सगळ्यांना माझं हेच आवाहन आहे, सरकून बसा.

उद्या सकाळी सहाची नांदेड बस आहे. डबी पिशवीत टाकली आहे. गळाची काठी तिकडंच आहे, दिवाळीनंतर ठेवून आलो ती, नरसव्वाच्या घराच्या वळचणीला. बसमध्ये ती तेव्हाही मावली नव्हती.