कोणती मेंढी ठेवायची

मी जनावरांची डॉक्टर. माहेर नागपूरचं, नोकरीनं रायपूरला आणलं. राहते शंकर नगरात, पण जीव रमतो अभनपूरकडच्या गावांत. ऑफिसात फाइली असतात, तिथे मेंढ्या, आणि मेंढ्या निदान बोललेलं ऐकून घेतात. बोलायची मला भारी हौस. तीच एकदा नडली.

अभनपूरच्या पुढे एक मेंढपाळ कुटुंब आहे, मूळचं गोंदियाकडचं. दात पडलेल्या, थकलेल्या मेंढ्या विकायच्या आणि त्यांच्या जागी कळपातलीच चांगली मादी कोकरं ठेवायची, ही निवड दरवर्षी घरातली सासू करते. कोणती कोणाची लेक, कोणाला दूध किती, कोणी पिल्लाला जवळ घेतलं नाही, सगळं तिच्या डोक्यात. मी दात, खूर, कास तपासते. सून एकेक जनावर धरून उभी राहते. विकायच्या मेंढीच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढतात.

त्या सकाळी सून चहा ठेवायला आत गेली तशी सासू माझ्याजवळ सरकली. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. रायपूरच्या डॉक्टरांचे उंबरे झिजवून झाले. "आता माहा भाऊ म्हणते, पोराची दुसरी करा. रविवारी पोट्टी पाहाले बोलावून राहिला. मले तं काही सुचत नाही, बाई."

मला रागच आला. निम्मा कळप त्या सुनेच्या हातावर वाढला होता. पण सून चहा घेऊन आली आणि मी गप्प बसले.

कोकरं छान निघाली. जुळ्यांतली दोन हाडापेरानं चांगली होती, ती लगेच ठेवायला सांगितली. मग सुनेनं एक तरणी, तुकतुकीत मेंढी पुढे आणली.

"दोनदा मेंढ्यापाशी सोडली, दोन्ही वेळा रिकामी," सासू म्हणाली.

"मग कशाला पोसता? नुसता चारा खाणार. हिच्या जागी एखादं कोकरू ठेवा!" उचलली जीभ, लावली टाळ्याला.

बोलून वर पाहिलं. सून मेंढीची मान धरून तशीच उभी होती. सासूचा गेरूनं माखलेला हात हवेतच थांबला. मी सारवासारव करू लागले. काही तिसऱ्या वर्षी गाभण राहतात, खुराकाचाही दोष असतो, वगैरे. सासूही लगेच "हव, हव" करू लागली. "राहू द्या बिचारीले. एका मेंढीनं काय होते?" आम्हा दोघींना त्या मेंढीचा असा काही कळवळा आला की विचारू नका.

"काहून राहू द्या?" सून म्हणाली. "डॉक्टरीणबाई बरोबर बोलून राहिल्या. लावा पट्टा."

सासूनं गेरूचा हात मागे घेतला.

"आई, हे मेंढी हाये. मी मेंढी नाही." आवाज चढला नव्हता. "कळपाले कोकरं पाहिजे, तिले विका. मी या घरात कोकरासाठी नाही आली."

मला मान वर करवेना. अशा बाईची कीव करायला निघालो होतो आम्ही.

सासूनं मेंढीच्या पाठीवर पट्टा ओढला, लुगड्याला हात पुसला आणि कमरेचा मोबाइल काढून सुनेपुढे धरला.

"माह्या भावाले फोन लाव. आत्ता बोलली ना, तेच सांग त्याले."