पिंजऱ्यातले साडभाऊ

माणसं देवाला भितात, पोलिसाला भितात, बायकोला तर भितातच. माझे साडभाऊ मात्र या जन्मात फक्त गंजाला भ्याले. देवरीत त्यांचं खत-बियाण्याचं दुकान आहे, पण जीव सगळा अंगणातल्या जुन्या जीपमध्ये. ती नाल्यातून, चिखलातून, डोंगरावरून कुठूनही जाते आणि घरी आली की साडभाऊंच्या आधी तिची आंघोळ होते. मग ते तिच्याखाली चटई टाकून आडवे होतात आणि बॅटरीच्या उजेडात एकेक सांधा तपासतात. एकदा आम्ही सहकुटुंब मुक्कामाला गेलो, तर त्यांनी तिथूनच आमचं स्वागत केलं आणि चहाही तिथेच मागवला. गंजावर त्यांचा एकच उतारा, टोरीचं तेल. मोहाच्या बियांचं हे तेल आमच्याकडे गुडघ्यांना चोळतात, साडभाऊ जीपला चोळतात. त्या वासाने नागझिऱ्याजवळ एक अस्वल येऊन जीप चाटून गेलं, असं ते अभिमानाने सांगतात. मला ते कुत्रं असावं असं वाटतं.

मग एका पावसाळ्यात दरेकशाच्या चढावर जीप कलंडली. साडभाऊ हात गळ्यात बांधून घरी आले आणि बायकोला पहिली बातमी दिली ती ही, की गाडी आडवी झाल्यामुळे तिचं पोट नीट बघायला मिळालं, गंजाचा एक ठिपका नाही. त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमच्या ताई. ताईंनी ऐकून घेतलं आणि जीपची किल्ली पदराला बांधून टाकली. गाडी उलटली तरी आतलं माणूस चेपू नये म्हणून पाइपांचा मजबूत सांगाडा बसवतात. तो बसल्याशिवाय किल्ली मिळणार नव्हती. त्याला रोल केज म्हणतात. देवरीत त्याचा लगेच पिंजरा झाला.

आता हा पिंजरा रोवायचा तर तळाच्या पत्र्याचा रंग खरवडायचा, त्याला भोकं पाडायची. उघडा पत्रा म्हणजे गंजाला घरी जेवायला बोलावणं. साडभाऊंनी आधी दुखऱ्या हाताचं निमित्त सांगितलं, मग भाताच्या रोवणीचं, मग पितृपक्षाचं. शेवटी ताई शांतपणे म्हणाल्या, "तुमाले जीपच्या जंगाची काळजी, मले तुमच्या जिवाची. कोणती मोठी, थे तुमीच सांगा." साडभाऊ उठले आणि वेल्डरकडे गेले.

पाइप वाकवून दुकानापुढे येऊन पडले, तशी बियाणं घ्यायला आलेली माणसं बिबट कुठे निघाला ते विचारू लागली. पिंजरा माझ्यासाठीच आहे, असं साडभाऊ सांगत. कोणी विश्वास ठेवला नाही. एका म्हातारबाबांनी तर त्या दिवशी शेळ्या दुपारीच घरी आणल्या. इकडे साडभाऊंनी कोणाला न विचारता पाइपांच्या आत टोरीचं तेल ओतून ठेवलं होतं. वेल्डरने ठिणगी पाडताच असा धूर निघाला की शेजारीपाजारी नाकाला पदर लावून बाहेर आले. वेल्डर मागे सरून म्हणाला, "काऊन भाऊ, वेल्डिंग करून राहिलो का भजे तळून राहिलो?" मग पाइप धुतले, वाळवले, आणि जोडकाम झाल्यावर साडभाऊंनी स्वतःच्या हाताने प्रत्येक जोड घासून त्यावर लाल प्राइमर आणि काळा रंग चढवला. बाळंतिणीची करावी तशी त्यांनी त्या जीपची सेवा केली.

ताईंनी किल्ली दिली, पण एकट्याने जायचं नाही ही अट घातली आणि स्वतः शेजारी बसल्या. त्यानंतर दोघं जंगलभर हिंडले. चढ आला की ताई डोळे मिटून बाजूचा पाइप घट्ट धरत.

आता ताईंचे गुडघे जीपच्या पायरीवर चढू देत नाहीत. परवा त्यांच्या जागेवर मी बसलो. पाइपावर एका ठिकाणी रंग उडाला होता, बांगड्या घासून घासून, आणि तिथे चक्क तांबूस गंज धरला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा साडभाऊंची चूक सापडली म्हणून मी आनंदाने बोट ठेवलं. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

"तेवढं राहू द्या," ते म्हणाले. "तुमच्या ताईचा हात हाये थो."

त्यांनी जीप सुरू केली. चढ आला तेव्हा मी पाइप जरा खाली धरला.