एक मिनिट अठ्ठेचाळीसचा घाट

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नोकरी असली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. शिकाऊ गाडीच्या डॅशबोर्डचा खण उघडा, त्यात कुणाचा तरी चष्मा, अर्धी सुपारी, एका कानातलं असं काहीबाही निघतंच. कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नाही. आमच्या ऑफिसात किस्सेही तसेच साठतात. सोलापुरातल्या एका छोट्याशा स्कूलच्या काउंटरवर मी अकरा वर्षं बसते. फॉर्म भरते, फोन घेते आणि समोर चाललेलं बघते. पगार पहिल्या दोन कामांचा मिळतो, करमणूक तिसऱ्यातून होते.

त्यातले हे फक्त घाटाचे किस्से.

*

घाट म्हणजे खरा नव्हे, टीव्हीतला. रस्त्याला घाबरणाऱ्यांचा हात बसावा म्हणून आमच्या मालकांनी, म्हणजे अण्णांनी, एक सेकंडहँड मशीन आणलं. मोठा टीव्ही, स्टिअरिंग आणि खाली लाकडी फळीवर दोन पेडल, ब्रेक आणि एक्सलेटर. देणाऱ्याने आत शिकवण्याचं काही घातलंच नव्हतं. होता फक्त रेसचा गेम. त्यातही एकच प्रकार सुरू व्हायचा: तुम्ही एकटे, डोंगरातला घाट आणि कोपऱ्यात पळणारं घड्याळ. एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंदांच्या आत खाली उतरलात तर सुवर्णपदक, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

अण्णांनी नव्या गाडीसारखी रीतसर पूजा केली. हळदकुंकू, हार, नारळ. मग चाकाखाली ठेवायचं लिंबू हातात घेतलं आणि मशीनभोवती दोन चकरा मारल्या. चाक कुठलं आलंय? शेवटी लिंबू ब्रेकच्या पेडलखाली ठेवलं, स्वतःच खुर्चीत बसले आणि पहिल्या वळणावर करकचून ब्रेक दाबला. फळीभर रस!

दोन दिवसांत ब्रेक चिकटून बसला. जोर लावून ओढला तर फळीपासून सुटूनच हातात आला. तेव्हापासून तो तारेने बांधलेला असायचा.

अण्णांचं म्हणणं मात्र एकच. "दृष्ट लागली बघा. लिंबू ठेवलं नसतं तर अख्खं मशीन गेलं असतं!"

*

आमच्याकडे शिकवणारे दोघं. एक इम्रान, तिशीच्या आतला, हाताने चपळ आणि तोंडाने त्याहून. दुसरे सिद्राममामा. रोज कुंभारीहून सिटीबसने येणारे, एकतीस वर्षं शिकवणारे, आणि चाळीसच्या पुढे काटा गेला की घसा खाकरणारे.

इम्रान आठवड्यात एक मिनिट एकोणपन्नासवर पोचला आणि तिथेच अडकला. घाटाच्या शेवटी एक वळण आहे, पार उलटं फिरणारं. तिथे रोज त्याची गाडी दरीत! त्या एका सेकंदापायी तो डबा खायचा विसरायला लागला.

मामा खुर्चीत बसायला आले तेव्हा इम्रान म्हणाला, "मामू, तुमारे वास्ते घड्याळ नक्को. कॅलेंडर लगाते!"

मामांनी सुरुवातीला मशीनवर नसलेला आरसा हाताने नीट केला. मान वळवून मागे बघितलं, मागे मी होते. मग उजवा हात बाहेर काढून निघाले. सहा मिनिटं बारा सेकंद!

दुसऱ्या फेरीला गेमची एक गंमत सुरू होते. तुमचीच आधीच्या फेरीतली गाडी फिकट रंगात तुमच्यासोबत पळते, आपण मागे पडलो की पुढे ते कळावं म्हणून. मामा ह्या वेळी आधी जरा पुढे निघाले, मग जास्तच जपून चालायला लागले. अर्ध्या घाटात ती फिकट गाडी मागून शेजारी आली. मामांनी लगेच डावीकडे घेऊन गाडी थांबवली आणि हाताने तिला पुढे जायची खूण केली.

"जाऊ दे की. लई घाई दिसतीय बिचाऱ्याला."

"अहो मामा, ते तुम्हीच आहात!" मी ओरडले.

मामा लांब जाणाऱ्या त्या गाडीकडे बघत राहिले. "मी? असला बेफाम? लायसन कुणी दिलं मला?"

*

ह्या सगळ्यात पद्माअक्का सांगायच्या राहिल्या. वय पन्नास, घरी चादरींचे माग, स्वतः मोटरच्या मशीनवर शिवणकाम करणाऱ्या. मुलगा नोकरीला पुण्याला गेला, त्याची गाडी दारात धूळ खात पडली, म्हणून अक्का शिकायला आल्या. टेस्टमध्ये दोनदा नापास झाल्या होत्या. त्यांचा पाय एक्सलेटरवर पडला की तळापर्यंत जायचा.

"अक्का, हळू दाबा की!"

"मामा, आमच्या मशीनला हळू नसतंय. चालू, नायतर बंद!"

एकदा सात रस्त्याच्या चौकात समोर म्हैस आली. अक्कांनी स्टिअरिंग सोडलं नाही, पण दोन्ही पाय उचलले आणि सीटवर मांडी घातली! शिकाऊ गाडीत डाव्या सीटपुढे शिकवणाऱ्यासाठी जादा ब्रेक आणि क्लच असतात, तेवढ्यावर निभावलं. मामांनी ब्रेक दाबला, गाडी म्हशीच्या शेपटीशी थांबली.

"अक्का, पाय वर कशाला घेतलासा?"

"म्हस अंगावर आली तर पाय नको का वाचवायला?"

*

एका शनिवारी चहा पिताना मी मामांना चिडवलं, "महिनाअखेरीला सुटणार तुम्ही. आता कशाला त्या घाटाच्या नादी लागताय?" गुडघ्यामुळे ते त्या महिन्याच्या शेवटी काम सोडणार होते.

मामांनी बशी खाली ठेवली. "एकतीस वर्षं डाव्या सीटवर बसलो, बघा. ह्या गावात निम्मी लोकं माझ्या हाताखाली शिकली. पण मी सोता गाडी शेवटची कधी चालवली, आठवंना झालंय. डाव्या बाजूला ब्रेक हाय, क्लच हाय, एक्सलेटर न्हाई. माझ्या पायाला थांबवायचंच ठावं हाय, पळवायचं न्हाई."

मग म्हणाले, "जायच्या आधी एकदा ते पदक घेणार. मला येतंय का न्हाई, तेवढं बघायचंय."

मला एकदम वाईट वाटलं. चिडवल्याची लाज वाटली. काउंटरच्या डब्यातलं शेवटचं खारं बिस्किट मी त्यांना दिलं, एरवी मी ते कुणाला दाखवतही नाही.

*

त्यानंतर मामांनी अभ्यासच मांडला. फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर घाट काढला, सगळी वळणं मोजून. मग ऑफिसच्या मागच्या मोकळ्या जागेत मैदान आखायच्या पांढऱ्या फक्कीने तोच घाट आखला आणि सकाळी त्यावरून चालायला लागले. एवढी रेघ मारलीच आहे म्हणून शिकणाऱ्यांनाही त्यावरूनच गाडी न्यायला लावली. पंधरा दिवसांत अख्ख्या बॅचला घाट पाठ!

त्या बॅचमधले मोहोळचे एक दुकानदार टेस्टला गेले. तिथे आठच्या आकड्यावर गाडी फिरवायची असते. ह्यांनी सुंदर आठ काढला, आणि थांबायचं सोडून मैदानाच्या कडेने निघाले.

टेस्ट घेणाऱ्या साहेबांनी हात केला. "अहो, झालं की! कुठं चाललात?"

"साहेब, अजून सात वळणं हायत!"

पास झाले. साहेब म्हणे हसून हसून गाडीला टेकूनच सही करत होते.

*

महिन्याचा शेवटचा दिवस आला. अण्णांनी हार आणून ठेवला होता. मामा सकाळपासून मशीनवर. पहिल्या फेरीत दोन मिनिटं नऊ. दुसऱ्या फेरीत दोन मिनिटं चार. तिसऱ्यात पुन्हा दोन मिनिटं नऊ. प्रत्येक वळणाआधी त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. ते उठले, रुमालाने तोंड पुसलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. न्हाई माझ्याच्यानं." इम्रान गाडी पंक्चर काढायला घेऊन गेला.

तेवढ्यात पद्माअक्का शिकायला आल्या. गाडी नाही म्हटल्यावर अण्णांनी त्यांना मशीनवर बसवलं. अक्का बसल्या, तसे मामा सवयीने शेजारची खुर्ची ओढून त्यांच्या डाव्या हाताला बसले.

अक्कांनी एक्सलेटर दाबला, अर्थातच तळापर्यंत. पहिलं वळण आलं. मामांचा पाय हवेत ब्रेक शोधायला लागला. सापडेना. गाडी कठड्यावर!

"थांबा अक्का," मामा म्हणाले. खाली वाकले, तार सोडली आणि ब्रेकचं पेडल वायरसकट आपल्या पायाखाली ओढून घेतलं. "आता पहिल्यापासून हाणा!"

पुढची पावणेदोन मिनिटं मी श्वास घेतल्याचं मला आठवत नाही.

"डावीकडं. आता उजवीकडं, ते फक्कीतलं तिसरं वळण बघा. दाबा! दाबा की!"

अक्का पळवत होत्या, मामा आवरत होते. घाट दोघांनाही पाठ. आणि आलं ते शेवटचं उलटं वळण. पुढे नुसती दरी दिसल्यावर अक्का किंचाळल्या, दोन्ही पाय उचलले आणि खुर्चीवर मांडी घातली! त्याच क्षणी मामांनी ब्रेक पूर्ण दाबला. स्टिअरिंग अक्कांनी सोडलं नव्हतं, गाडी जागच्या जागी फिरून सरळ झाली.

"पाय खाली, अक्का! बंद न्हाई, चालू!"

एक मिनिट सत्तेचाळीस सेकंद. टीव्हीवर पिवळंधमक पदक!

अण्णांनी मामांचा हार चुकून अक्कांच्या गळ्यात घातला. दारात इम्रान गाडीची चावी हातात घेऊन उभा होता. "मामू..." एवढंच म्हणाला आणि पुढे होऊन त्याने मामांना मिठी मारली. मामांचे डोळे भरले होते. माझेही, मी कशाला खोटं सांगू?

अण्णांनी इम्रानच्या हातातली चावी घेतली आणि मामांपुढे धरली. "मामा, आज सिटीबस नाही. आज तुम्ही स्वतः गाडी चालवत कुंभारीला जायचं. उजव्या सीटवर बसून!"

मामांनी चावी घेतली, कपाळाला लावली. गाडीपाशी गेले. उजवं दार उघडून जरा वेळ आत बघत उभे राहिले. मग मागे वळून चावी अक्कांच्या हातात दिली, पलीकडून फिरून डाव्या सीटवर जाऊन बसले आणि पट्टा लावला.

"चला अक्का, मला घरी सोडा. आधी इंडिकेटर द्या. मगाशी घाटात एकदाबी दिला न्हाईसा."